वाळवलेली पानंफुलं बरणीत भरली की दर वेळी बुरशी धरते: ओल नेमकी कुठे राहते?

भरताना सगळं ठीक असतं. पानं बोटांत धरली की कुरकुरतात, जरा चुरगाळली की भुगा होतो, वासही छान येतो. बरणी भरायची, झाकण घट्ट लावायचं, फडताळात ठेवायची. आठ-दहा दिवसांनी झाकण उघडलं की आधी वासच सांगतो. ओल्या पोत्यासारखा, कुबट. वरची पानं अजून हिरवी दिसत असतात. पण मधलं एखादं फूल उचलून फोडलं की आत, देठाला लागून, करड्या कापसासारखं काहीतरी असतं.

माझ्याकडे हे लागोपाठ तीनदा झालं. पहिल्यांदा तुळशीच्या मंजिऱ्या गेल्या. बरणीच नीट धुतलेली नसणार असं वाटलं, म्हणून पुढच्या वेळी ती उकळत्या पाण्यातून काढली, कडक वाळवली आणि तिच्यात गुलाबाच्या कळ्या भरल्या. त्याही गेल्या. मग दोष हवेला दिला आणि तिसऱ्या वेळी पुदिन्याच्या बरणीत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकल्या. बारा दिवसांनी पुड्यांच्या आसपासचा पुदिना कोरडा होता, तळाशी देठांच्या गुंत्यात बुरशी होती.

तिन्ही वेळा वनस्पती वेगळी, बरणी वेगळी, दिवस वेगळे. सारखी होती ती एकच गोष्ट: वाळलं की नाही हे मी दर वेळी पानाला हात लावून ठरवत होतो. आणि पान त्या बाबतीत साफ चुकीचं सांगतं. मंजिरीचा दांडा, कळीचं बोंड, पुदिन्याचा देठ यांच्या पोटातली ओल पानाला हात लावून कळत नाही.

ओल पानात नसते, देठात असते

ताज्या पानात वजनाच्या साधारण ७५ ते ८५ टक्के पाणी असतं. पान पातळ, त्याच्या दोन्ही बाजू हवेला उघड्या, त्यामुळे ते भराभर कोरडं होतं. देठ जाड असतो, वरून सालीने बंद असतो, आणि आतलं पाणी बाहेर यायला त्याला पानाच्या कितीतरी पट वेळ लागतो. घट्ट मिटलेल्या कळीचंही तेच. बाहेरच्या पाकळ्या कागदासारख्या होतात, मधला भाग मऊच राहतो.

आता हे सगळं बरणीत घालून झाकण लावलं की काय होतं? बाहेर जायला वाट नसल्यामुळे देठातली ओल शेजारच्या कोरड्या पानात शिरते. एका दिवसात ती बरणीभर पसरू लागते. काल कुरकुरणारं पान आज वाकतं, पण मोडत नाही. इतकी खात्रीची खूण दुसरी नाही: झाकण हवाबंद असताना कोरडं पान बरणीत मऊ पडलं, तर ते पाणी बाहेरच्या हवेतून आलेलं नाही, देठातून आलं आहे. हे दिसलं की त्याच क्षणी बरणी रिकामी करून सगळं पसरायचं. चोवीस तासांच्या आत दिसलं तर बहुतेक वेळा माल वाचतो. पाचव्या दिवशी दिसलं तर मी हमी देणार नाही.

घाई केली तर हा प्रकार आणखी बळावतो. पंख्याचा झोत थेट अंगावर, किंवा पहिल्याच दिवशी जास्त उष्णता, म्हणजे बाहेरचा थर इतका लवकर सुकून आवळतो की आतल्या पाण्याची वाटच बंद होते. बाहेरून कडकडीत, आतून ओलं. हाताला ते इतकं वाळलेलं लागतं की शंकासुद्धा येत नाही.

अंदाज सोडा, आकडा बघा

बुरशीला किती ओल लागते हे नीट ठाऊक असलेलं गणित आहे. पदार्थात एकूण पाणी किती यापेक्षा त्यातलं किती पाणी मोकळं आहे, म्हणजे बुरशीच्या उपयोगाचं आहे, हे महत्त्वाचं. त्याला वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी म्हणतात आणि ती ० ते १ या पट्टीवर मोजतात. बहुतेक बुरश्या ०.७० च्या खाली वाढत नाहीत. कोरड्यात तग धरणाऱ्या थोड्या जाती त्याच्याही खाली तग धरतात, पण ०.६० च्या खाली कोणतीच वाढ होत नाही.

हे मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. बंद भांड्यात पदार्थ आणि हवा यांचा तोल जमला की आतल्या हवेची आर्द्रता हाच तो आकडा, फक्त टक्क्यांत. बरणीतली आर्द्रता ६५ टक्के म्हणजे वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी ०.६५. म्हणून बरणीत मावेल असा छोटा डिजिटल हायग्रोमीटर, म्हणजे हवेची आर्द्रता मोजणारं यंत्र, घ्या. या सगळ्या कामात खरोखर फरक पडला असेल तर तो या एका वस्तूने.

मात्र नवीन यंत्रावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. माझं पहिलं यंत्र ६ टक्के कमी दाखवत होतं, म्हणजे ६८ ला ६२ म्हणत होतं, आणि बुरशीच्या बाबतीत या दोन आकड्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तपासायची युक्ती सोपी आहे. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, त्यात थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा, मीठ विरघळून जाता कामा नये. हे झाकण आणि हायग्रोमीटर एका हवाबंद डब्यात शेजारी शेजारी ठेवा, यंत्राला मीठ लागू देऊ नका. घरातल्या साध्या तापमानाला डब्यातली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. आठ-दहा तासांनी बघा. यंत्र ७१ दाखवत असेल तर ते ४ ने कमी बोलतं, तसं त्याच्या पाठीवर लिहून ठेवा.

मग खरी चाचणी. वाळलेला माल बरणीत दोन तृतीयांश भरा, दाबू नका. हायग्रोमीटर मधोमध ठेवा, झाकण लावा, उन्हापासून लांब ठेवा आणि चोवीस तास हात लावू नका. पहिल्या तासाचा आकडा खोटा असतो, तो फक्त भरताना आत अडकलेल्या हवेचा.

दुसऱ्या दिवशी आकडा ७० च्या वर असेल तर लगेच सगळं बाहेर काढून पातळ पसरा, एक-दोन दिवस आणखी वाळू द्या. ६५ ते ७० असेल तर अर्धा दिवस बाहेर. ६० ते ६५ असेल तर रोज दोन-तीन तास झाकण उघडं ठेवा, बरणी हलवा, पुन्हा बंद करा. ५० ते ६० च्या मध्ये आलं की माझ्या मते काम झालं. ५० च्या खाली बुरशीची भीती नाही, पण पानांचा हाताळतानाच भुगा होतो आणि सुगंधही लवकर उडतो.

एक दिवस ५८ आला म्हणून थांबू नका. आठवडाभर रोज आकडा लिहा. जाड देठाचा माल असेल तर ५७, ५९, ६२, ६४ असा तो हळूहळू चढतो, कारण पोटातली ओल अजून बाहेर येत असते. माझ्या गुलाबाच्या कळ्या तिसऱ्या दिवसापर्यंत ६० च्या आत होत्या आणि सहाव्या दिवशी ६७ वर गेल्या. त्या वेळी हायग्रोमीटर नसता तर तीही बरणी गेली असती. पुढे त्या वाळवताना कळ्यांचं बोंड मी नखाने चिरून ठेवलं आणि तेव्हापासून हा त्रास थांबला.

ज्यांच्याकडे हायग्रोमीटर नाही त्यांच्यासाठी तराजू आहे. ताज्या मालाचं वजन लिहून ठेवा. १ किलो ताज्या पानांत ८० टक्के पाणी असेल तर कोरडा भाग २०० ग्रॅम. तो शेवटी ९० टक्के आणि ओल १० टक्के असं हवं असेल तर वजन २०० भागिले ०.९, म्हणजे सुमारे २२२ ग्रॅमवर यायला हवं. पानं कुरकुरताहेत आणि तराजू ३०० दाखवतोय, तर देठात अजून बरंच पाणी आहे. हा अंदाजच आहे, कारण ताज्या मालातलं पाणी दर वेळी सारखं नसतं. पण फक्त हाताने ठरवण्यापेक्षा पुष्कळ बरा.

रात्र विसरू नका

दिवसा वाळवलेलं रात्री परत ओलं होतं, आणि हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. हवा थंड झाली की तेवढ्याच वाफेला ती जास्त दमट होते. संध्याकाळी ३० अंशांना आर्द्रता ६० टक्के असलेली हवा पहाटे २२ अंशांवर आली, तर वाफ जराही न वाढता आर्द्रता ९० च्या पुढे जाते. उघड्यावर पसरलेली कोरडी पानं ती ओल स्पंजासारखी शोषतात. सकाळी ती मऊ असतात, दुपारी पुन्हा कुरकुरतात. आपल्याला वाटतं तिसरा दिवस आहे, खरं तर दीडच दिवसाची वाळवण झालेली असते.

म्हणून संध्याकाळी हवा थंड व्हायच्या आधी माल झाकून घरात घ्या. आणि बरणी भरायची ती दुपारी, सकाळी नाही.

उलट बाजूने हेच गणित आपल्या कामाला येतं. २५ अंशांची ८० टक्के दमट हवा ३५ अंशांपर्यंत तापवली की तिची आर्द्रता सुमारे ४५ टक्क्यांवर उतरते. म्हणजे दमट दिवसांत नुसता पंखा फिरवून भागत नाही, ओलीच हवा फिरत राहते. थोडी ऊब द्यावी लागते आणि दमट हवा खोलीबाहेर काढावी लागते. सुगंधी पानाफुलांना ३५ ते ४० अंश पुरेत. त्याच्या वर बुरशी टळेल, पण ज्या तेलासाठी ती वनस्पती वाळवतो तेच तेल उडून जाईल. घरचा ओव्हन वापरणार असाल तर त्याचा सर्वांत कमी आकडासुद्धा बहुधा यापेक्षा जास्त असतो. पानंफुलं वाळवायचा ड्रायर असेल तर त्याची हवा जायची झडप उघडी ठेवा. ती बंद असलेला ड्रायर म्हणजे वाफेचं भांडं.

चूक आणखी कुठे झाली असेल

तोडणी. दव असताना किंवा पावसाच्या दुसऱ्या दिवशी तोडलेला माल पहिल्यापासूनच मागे असतो. दव उडाल्यावर तोडा. धुवायचं असेल तर झटकून, कापडावर पसरून वरचं पाणी पूर्ण काढा आणि मगच वाळवणीला लावा.

जुड्या. जाडजूड जुडी बांधून टांगली की मधल्या काड्यांना हवाच मिळत नाही. आठ-दहा काड्यांच्या वर जुडी करू नका. सुतळीपेक्षा रबर बँड बरा, कारण देठ सुकून बारीक झाले तरी तो पकड सोडत नाही. पसरणार असाल तर जाळीवर, एका थरात. खाली कागद किंवा पत्रा असेल तर दिवसातून दोनदा परता.

दाट फुलं. इथे जरा थांबतो, कारण हा प्रकार बरणीतल्या बुरशीपेक्षा वेगळा आहे आणि दोन्हींची गल्लत होते. दाट, गच्च फुलोऱ्यात करडी बुरशी, बोट्रायटिस, झाडावर असतानाच शिरते. बाहेरून फूल ठीक दिसतं, फक्त एखादी पाकळी किंवा छोटं पान भोवतालच्यांपेक्षा आधीच तपकिरी पडलेलं असतं. ते हलकेच ओढलं की सहज निघून येतं आणि आतला गाभा तपकिरी, भुसभुशीत असतो. हे वाळवून सुधारत नाही. वाळवणीच्या पहिल्या दोन दिवसांत हीच बुरशी शेजारच्या फुलावर जाते. म्हणून तोडल्यावर लगेच, चांगल्या उजेडात, प्रत्येक मोठं फूल उघडून बघा. कंटाळवाणं काम आहे, पण ते टाळून मी एकदा अख्खी जाळी गमावली आहे.

बरणीचं फार नाही. साबणाने धुतलेली, पूर्ण कोरडी काचेची बरणी पुरते. सिलिका जेल शेवटच्या राखणीला चांगलं, वाळवणीला नाही. पुडी जवळची ओल घेते, तळाच्या देठापर्यंत तिचा हात पोचत नाही, माझ्या पुदिन्यात तेच झालं. आणि बरणी फ्रिजमध्ये ठेवत असाल तर बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका. खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर बाहेरची वाफ थंड पानांवर दवासारखी बसते आणि सगळी मेहनत पाच मिनिटांत वाया जाते.

ही बुरशी की वनस्पतीची लव?

हा गोंधळ खरा आहे. तुळस, पुदिना, सेज यांच्या पानांवर मुळातच लव असते, आणि वाळल्यावर ती जास्त उठून दिसते. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. वनस्पतीचे केस सुटे असतात, पानातूनच उगवलेले, साधारण एकसारख्या अंतरावर, पानभर. बुरशीचे तंतू कोळिष्टकासारखे एकमेकांत गुंतलेले असतात, एका पानावरून दुसऱ्या पानावर जातात, आणि मुख्यतः देठाच्या सांध्यात किंवा फुलाच्या बुडाशी दाटतात. त्यावर हिरवट, काळी किंवा करडी पूड दिसली तर शंकेला जागाच नाही, ते बीजाणू आहेत.

वासाने तपासायचं तर झाकण उघडून बरणी नाकापासून वीतभर दूर धरा आणि हाताने हवा आपल्याकडे ढकला. बरणीत नाक घालून खोल श्वास घेऊ नका. अ‍ॅस्परजिलस नावाच्या बुरशीचे बीजाणू फुप्फुसात जातात. दमा असलेल्यांना आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना त्याने गंभीर आजार होऊ शकतो.

"एवढंच काढून टाकलं तर?"

नाही. मन कितीही मोडलं तरी अख्खी बरणी टाका. दिसणारा डाग म्हणजे बुरशीचा पिकलेला भाग. तंतू आणि बीजाणू तोवर सगळीकडे गेलेले असतात. पुन्हा उन्हात घालून किंवा काढा उकळून ती बुरशी कदाचित मरेल, पण तिने तयार केलेलं विष तसंच राहील. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी अचानक दगावले. त्यांच्या खाद्यातल्या शेंगदाण्याच्या पेंडीत अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस बुरशी होती. तिच्या विषाला त्या बुरशीच्याच नावावरून अफ्लाटॉक्सिन म्हणतात, आणि साध्या उकळीने ते नष्ट होत नाही.

वाळवणीच्या चुकीचं याहून जवळचं उदाहरण स्वीट क्लोव्हरचं आहे. ही चाऱ्याची सुगंधी वनस्पती, तिचा सुगंध कुमारिन या द्रव्यामुळे. १९२० च्या दशकात कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तर भागात हा चारा खाऊन गुरं रक्तस्रावाने मरू लागली. शिंग कापण्यासारख्या लहान जखमेतलं रक्तसुद्धा थांबेना. चारा तोच होता, फक्त नीट न वाळता साठवलेला. त्यावरच्या बुरशीने कुमारिनचं डायकुमारॉल केलं होतं, जे रक्त गोठू देत नाही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेने ते वेगळं काढलं, आणि त्याच धाग्यावरून पुढे वॉरफरिन आलं, १९४८ मध्ये आधी उंदीर मारायला आणि नंतर माणसांसाठी औषध म्हणून. वनस्पती निर्धोक असूनही तिच्यावरची बुरशी तिला विषारी करू शकते, ते असं. एखादी औषधी वनस्पती आपण कुणाच्या तरी आजारपणासाठी राखून ठेवतो, त्यामुळे ही गोष्ट मला फार लागते.

टाकताना पिशवीत बांधून टाका, घरात झटकू नका. बरणी गरम साबणाच्या पाण्याने धुवा. झाकणातली रबराची चकती काढून वेगळी धुवा, बीजाणू तिच्या खाचेत बसतात.

आता मी काय करतो

देठ आणि पानं सुरुवातीलाच वेगळी करतो. बारीक काड्या पानांबरोबर राहतात, जाड देठ वेगळ्या जाळीवर जातात आणि त्यांना तीन-चार दिवस जास्त मिळतात. सर्वांत जाड देठ वाकवला की कट असा आवाज होऊन तुटला पाहिजे. नुसता वाकला, किंवा तुटताना धागे ओढले गेले, तर अजून वेळ आहे. देठ तुटल्यावर दुपारी बरणी भरायची, हायग्रोमीटर आत, आणि आठवडाभर रोजचा आकडा बरणीवरच्या चिठ्ठीत.

गेल्या खेपेच्या मंजिऱ्यांची चिठ्ठी समोर आहे: ६६, अर्धा दिवस बाहेर, ६१, ६०, ५९, ५८, ५८, ५८. त्यानंतर दर पंधरवड्याला एकदा बघतो. आकडा स्थिर असताना अचानक दोन-तीनने चढला, तर मालाकडे न बघता आधी झाकण बघा. माझ्याकडे एकदा ५८ चा ६३ झाला होता. रबराच्या चकतीला केसाएवढी चीर होती. चकती बदलली, मंजिऱ्या दुपारभर पसरल्या, दोन दिवसांत आकडा पुन्हा ५८ वर आला.